पंधराच्या आत

"आठशे चाळीस रुपये व्याज लागेल," दर्शना फोनवर म्हणाली. मनस्विनीच्या बाबांच्या, चिंतामणींच्या, आयकराचं काम तीच बघायची. "एक दिवस चुकला तरी टक्का पुरा लागतो. पण मनाला लावून घेऊ नकोस गं. आठशे चाळीस म्हणजे काहीच नाही."

काहीच नाही, हे मनस्विनीला कळत होतं. म्हणूनच तिला जास्त संताप येत होता.

बाबांनी एकतीस वर्षं रत्नागिरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढले. नोकरी नाही, त्यामुळे पगारातून कर कापणारं कुणी नाही. स्वतः हिशेब करायचा आणि वर्षाचा आगाऊ कर पंधरा मार्चच्या आत भरायचा. तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. इस्पितळात, नाकात नळी असताना, त्यांनी तिला जवळ बोलावलं होतं. "तुझ्या खात्यात चौऱ्याऐंशी हजार टाकलेत. पंधराच्या आत भर." त्यानंतरचं त्यांचं बोलणं कुणालाच कळलं नाही. सहा तारखेला ते गेले.

पंधराला दहावा आला. विधी आटोपून माणसं घाटावरून परतली, तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. बाबांचे धाकटे भाऊ, अनिलकाका, टॉवेलने डोकं पुसत आत आले.

"अगो मनू, काय करतेस? सुतकात पैशाचा व्यवहार करत नाहीत."

"आज शेवटची तारीख आहे, काका. बाबांनी सांगितलंय."

"उद्या भर. एका दिवसाने सरकार बुडत नाही. बापाचा दहावा नि पोरगी बँक उघडून बसलीय, लोक काय म्हणतील?"

आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे वाद नको, म्हणून मनस्विनीने लॅपटॉप मिटला. सोळाला सकाळी उठल्या उठल्या पैसे भरले, मग दर्शनाला फोन केला.

त्याच दुपारी पूर्णगडचा आंबेवाला रघू ओटीवर येऊन बसला. काकांच्या बागेचा सौदा त्यानेच घेतला होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "भाऊ, तेरा तारखेला पन्नास हजार पाठवले, ते जमा झाले ना? मग माणसं कधी लावू काढणीला?"

काकांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. रघूच्या ते उशिरा लक्षात आलं.

"तेरा तारखेला," मनस्विनी म्हणाली.

"अगो, त्याने मोबाइलवर पाठवले. मी कुठे हात लावला? फळ झाडावर थांबतं का?"

"तारीख थांबते?"

काकांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. "किती, आठशे ना? घे. वरचे राहू देत. एवढ्याशासाठी घरात तमाशा नको."

तिने नोटांकडे पाहिलंही नाही. "त्यांनी माझ्याकडे एक काम दिलं होतं, काका. एकच. ते मी तुमचं ऐकून चुकवलं."

"म्हणजे मी गुन्हेगार?"

"तुम्ही बोललात. लॅपटॉप मी मिटला."

काका नोटा हातात धरून उभेच राहिले. रघू चपला शोधू लागला. आतून आई हळूच म्हणाली, "मनू, पुरे आता."

"नाही पुरे," मनस्विनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेराव्याला पानं किती, कुणाला बोलवायचं, बाबांच्या ऑफिसचं काय करायचं, हे तू आणि मी ठरवू. काकांनी जेवायला यावं."