हिरे कशाने झिजले

अंगठा फिरवला तरी बोचत नाही. पोलादी कड्यात जडवलेले हे बारीक हिरे, खडक कुरतडायचे ते, आणि हाताला लागतात कसे — काचेच्या गोटीसारखे गुळगुळीत... प्रल्हादने ड्रिलचं बिट उजेडाकडे धरलं, वर्तमानपत्रावर ठेवलं, पुन्हा उचललं.

"अहो, चहाचं पार पाणी झालं," गिरिजा म्हणाली. "त्या लोखंडाकडे किती वेळ बघाल?"

"हं."

जळलं असतं तर काळंनिळं पडलं असतं, म्हणजे पाणी कमी पडलं. खडे निखळले असते तर दाब जास्त. इथे एकही हिरा हललेला नाही, सगळे नुसते घासून चकचकीत — म्हणजे दाबच दिला नाही. बिट खडकात घुसलंच नाही, वरच्यावर फिरत राहिलं. कानोता गावापलीकडच्या टेकडीवर आठवडाभर यंत्र धडधडतंय आणि भोक जेमतेम हातभर! साहेबांनी तर ठरवूनच टाकलंय: ड्रिलर भंवरलाल कामचुकार आहे, त्याला काढायचं, तुम्ही फक्त आज दुपारी चौकशीत तसं सांगा, प्रल्हादराव.

भंवरलाल आणि कामचुकार! कसलं डोंबल. ज्याला दाब किती ठेवायचा हे कधी सांगावं लागलं नाही, तो एकाएकी हात आखडता का घेईल?

का म्हणजे? मागच्या महिन्यात पंप बंद पडला, एक बिट जळलं, तेव्हा अख्ख्या कॅम्पासमोर कोण ओरडलं — तेरे बाप ने कभी हीरा देखा था? मीच. परदेशी माल, वर्षभर वाट पाहून आलेला, डोकंच फिरलं माझं... आणि तो मान खाली घालून उभा. तेव्हापासून जपतोय बिचारा, बिट खडकाला भीत भीत टेकवतोय. पण साहेबांना काय सांगू — खडक ठीक, बिट ठीक, माणूस घाबरलाय? आणि कोणी घाबरवला, असं विचारलं तर? ऐन बढतीच्या तोंडावर? शी! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि पंचाच्या खुर्चीत चोरच.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दुपारच्या चौकशीला भंवरलाललाही हजर राहायचं होतं, म्हणून ड्रायव्हरने त्याला कॅम्पावरून आणलं होतं. तो उतरून साफा सारखा करत उभा राहिला.

"भंवरलालजी," प्रल्हाद म्हणाला. हे 'जी' आज पहिल्यांदाच. "सच बताओ, दबाव कम क्यों रखा?"

"साब ने कह द्यो, गलती म्हारी छै." चूक माझीच, साहेबांना तसंच सांगा — लगेच, खाली बघत.

अरे, भांड ना माझ्याशी! एकदा तरी म्हण, तुम्हीच घाबरवलंत... प्रल्हादला त्याचे दंड धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चलो."

जीपने आदर्श नगरची वस्ती मागे टाकली. भंवरलाल मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. गलती म्हारी छै... म्हणजे आता आपल्याला काही बोलायलाच नको. आणि प्रल्हादला बरं वाटलं. अगदी आतून, खरोखर बरं वाटलं. लाज वाटली ती त्यानंतर — आणि ती मागाहून आली, याचीच त्याला धास्ती बसली.