लहरींच्या वाटेतलं फुलपाखरू

आई चप्पल घालायला लागली की चिमणी तिच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरायची.

"झाली का गं माझी चादर?"

चादर म्हणजे अदृश्य करणारी. चार वर्षांच्या लेकीचा बेत पक्का होता: ती पांघरायची, आईच्या कामाच्या टेबलाखाली बसायचं, कुणाला दिसायचं नाही. एकदा घाईत आई "हो, होईल" म्हणून बसली होती, आणि मुलं असलं काही विसरत नाहीत.

"होतेय," आई म्हणाली.

त्या सोमवारी चिमणीने डोक्यातली फुलपाखराची क्लिप काढून आईच्या खिशात टाकली. "तोवर ही ने."

प्रयोगशाळेत चादर नव्हतीच. एकात एक बसवलेली दहा कडी होती, सगळी मिळून ताटाएवढी, आणि प्रत्येकावर नखाहून बारीक तांब्याची नक्षी. मधोमध तांब्याची नळी. ठरावीक मापाची रेडिओलहर सोडली की ती कड्यांमधून नळीला वळसा घालून पलीकडे जशीच्या तशी जुळायची, वाटेत काही नव्हतंच अशी. पण ती एकच लहर. माणसाच्या डोळ्यांना सगळं ढळढळीत दिसायचं.

त्या सोमवारपासून तीन दिवस मात्र लहर पलीकडे विस्कटून येत होती. आईने कडी उतरवली, पुसली, पुन्हा रचली. व्यर्थ. शेवटी वर्कशॉपमधले मिस्त्रीकाका आले आणि कडेच्या काळ्या स्पंजापाशी वाकले.

"ताई, काखेत कळसा म्हणतात तो हाच का?"

स्पंजाचा सुटलेला कोपरा तिनेच सोमवारी हाताला लागलेल्या क्लिपने चिमटला होता. स्पंज भरकटलेल्या लहरी पिऊन टाकतो. पत्र्याचं फुलपाखरू त्या उलट्या फेकत होतं.

"अख्खी नळी लपवलीत," काका म्हणाले, "आणि बोटभर फुलपाखराने चहाडी केली."

ती हसली. क्लिप काढल्यावर पडद्यावर लहर सरळ आली. नळी जणू नव्हतीच. आत लहर पोचत नाही, हे तिला किती वर्षं ठाऊक होतं. आज पहिल्यांदा तिने नळीच्या जागी चिमणीला बसवून पाहिलं, आणि पडदा बंद केला.

संध्याकाळी तिने लेकीला मांडीवर घेतलं, क्लिप परत दिली आणि स्पंजावर तिने केलेली चहाडी सांगितली. "चिमणे, मी उगाच हो म्हटलं. चादर नाही होणार. आमची कडी एका लहरीपासून लपवतात, डोळ्यांपासून नाही."

"मी मोठी झाल्यावर?"

"चादर झालीच कधी, तरी आत बसणाऱ्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. आत गुडुप अंधार."

"तू पण नाही दिसणार?"

"मी पण नाही."

चिमणीने बराच विचार केला. "मग काय उपयोग? मी तुला बघायलाच येणार होते."

दुसऱ्या दिवशी तिने पट्टा धरला नाही. क्लिप मात्र पुन्हा खिशात आली. "स्पंजाला लावू नको हां."

आईने ती पडद्याच्या चौकटीला लावली, लहरींच्या वाटेबाहेर. मान वर केली की दिसेल अशी. त्या दिवशी मान फार वेळा वर झाली.