भिंतीपलीकडचं पाळणाघर

"सोमवारपासून दुपारची ये म्हणाल्या पाळणाघराच्या ताई. फरशीला आणि भांड्यांना." अक्कानं चपला काढता काढताच सांगून टाकलं.

धाकटा भाऊ ओट्याला टेकून चहा पीत होता. कप खाली ठेवायचंही त्याला सुचेना. "आणि बाळांची खोली?"

"दुसरी बाई बघितलीय. ती टॉवरच्या अंगालाच राहते, उघडायच्या वेळेला दारात हजर असते. आणि आमची स्वारी अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालून पोचते!" ती हसली, पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणला नाही.

ऑफिसांच्या टॉवरजवळच्या पाळणाघरात अक्का आया होती. आई गेल्यावर आधी या भावाला वाढवलं, मग लोकांची बाळं. घरातून निघालं, चौकात रस्ता ओलांडला, की पाळणाघर. आता त्या चौकात नव्या रॅम्पची भिंत होती. हायवेवरच्या गाड्या जलद मार्गिकेतून रॅम्पवर चढायच्या आणि थेट टॉवरच्या दारात उतरायच्या. आईबाप लवकर पोचू लागले, म्हणून पाळणाघर लवकर उघडू लागलं. अक्काला मात्र भिंतीच्या कडेकडेनं लांबच्या सिग्नलपर्यंत जायचं, तिथे ओलांडायचं आणि तेवढंच अंतर पलीकडून परत चालायचं. रॅम्प सगळ्यांनाच आवडला होता. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतंच.

"तुमच्या ऑफिसातली माणसं हुशार म्हणे," ती म्हणाली. "एवढं मोठं बांधलं, आणि माणसाला पलीकडे जायला भोक ठेवायचं राहिलं!"

भाऊ मोरीकडे वळला आणि उगाच कप विसळत राहिला.

तो रस्त्यांच्या ऑफिसात मोजणीवर होता. दिसेल त्याच्याकडे बघून हसायचा, म्हणून तिथे त्याला हसऱ्या म्हणत. रॅम्प बांधायच्या आधी चौकातली वर्दळ मोजायला त्यालाच बसवलं होतं. दोन्ही हातांत मोजणीची यंत्रं. डाव्या अंगठ्यानं गाड्या मोजायच्या, उजव्यानं पायी ओलांडणारी माणसं. चौक त्याच्या ओळखीचा, त्याच रस्त्यावर तो लहानाचा मोठा झालेला. कोणी समोरून आलं की उजवा हात आपोआप वर जायचा. "काय मामा, गुडघा काय म्हणतोय?" "काकू, सून आली का माहेरून?" बोलणं व्हायचं, माणूस पलीकडे जायचं, आणि अंगठा तसाच वर राहायचा. अक्का तर रोज जाता जाता त्याच्या केसांतून हात फिरवून जायची. तीही मोजली गेली नाही. रस्ता ओलांडणारे परके तेवढे यंत्रात उतरले.

यात कपट कुठे होतं? नव्हतंच. पण नंतर नकाशे उलगडले तेव्हा ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "पायी वर्दळ अगदीच किरकोळ आहे. ओलांडायला जागा सोडायची गरज नाही." तो मागे नकाशाची कड धरून उभा होता. काय झालं ते त्याला त्याच क्षणी कळलं. आणि तो गप्प बसला. त्या दिवसापासून देवापुढे उभं राहिलं की मान वर करायचा त्याला धीर होत नसे.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, रॅम्पच्या चौकातली मोजणी चुकली होती. ओळखीची माणसं मी मोजलीच नाहीत."

त्यांना आधी हसू आलं. "म्हणजे काय?"

त्यानं हात वर करून दाखवला. त्यांचं हसू मावळलं.

"हे आता सांगतोयस? भिंत उभी राहिल्यावर?"

"कळलं होतं तेव्हाच. बोललो नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "पुन्हा मोजायचं म्हटलं तरी आता तिथे मोजणार काय? कोणी ओलांडतच नाही."

"म्हणूनच सांगतोय. पायी पूल करा."

"मी वर कळवते. पण मग तुझ्या बाकीच्या मोजण्याही तपासायला लागतील. तोवर तुला मोजणीवर पाठवता येणार नाही."

"नका पाठवू."

"आणि मंजूर झाला तरी पूल काही लगेच उभा राहत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "कोणी आहे का रे तुझं त्या बाजूला?"

"सगळीच आहेत," तो म्हणाला.

बाळांच्या खोलीतला अक्काचा शेवटचा दिवस उजाडला. भाऊ तिची पिशवी घेऊन बरोबर निघाला. भिंतीच्या कडेनं चालता चालता त्यानं सांगितलं.

"म्हणजे मीपण नाही त्यात?"

"नाही."

"आणि काकू?"

"त्याही नाहीत."

"लाँड्रीवाले मामा? ते तर दिवसभर इकडून तिकडे करायचे!"

त्यानं मान हलवली. अक्का खळखळून हसली. "अरे वेड्या! घरचं एकही माणूस धरलं नाहीस होय!"

ते हसणं त्याला सोसवेना. "अक्का, नकाशा झाला तेव्हा कळलं होतं मला. भीती वाटली. बोललो नाही."

ती थांबली. वरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता.

"हात वर गेला, गेला," ती हळूच म्हणाली. "तसाच आहेस तू लहानपणापासून. पण गप्प बसलास..." ती चालू लागली. त्याच्याकडे न बघता.

सिग्नलपाशी रॅम्पवर चढणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. एका गाडीत मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली एक चिमुरडी होती. अक्का दिसताच तिनं दोन्ही तळवे काचेवर आपटायला सुरुवात केली. अक्कानं गाल फुगवले, डोळे फिरवले. चिमुरडी खिदळत होती, आवाज मात्र ऐकू येत नव्हता. आई फोनवर बोलत होती. सिग्नल सुटला आणि गाडी रॅम्पवर चढून दिसेनाशी झाली.

"दाराशी मी दिसले नाही की रडते ती," अक्का म्हणाली. "नव्या बाईकडे जायची नाही लवकर."

तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. "तू जा ऑफिसला."

"अक्का, मी येतो ना तिथपर्यंत..."

"नको. तुझ्या चालीनं मला उशीर होईल." आणि पिशवी काखेत मारून, रस्ता ओलांडून, भिंतीच्या पलीकडच्या कडेनं, गुडघे दुखत असूनही अक्का जवळजवळ धावत निघाली.