जीवखड्याची ताजी बाजू

फोन आला तेव्हा गिरीधर बेंगळूरच्या यशवंतपुरातल्या आपल्या दुकानात पोत्यातून मूठभर तूरडाळ काढून बघत होता. पलीकडे एक मुलगी बोलत होती.

"काका, मी स्मृती. रूपश्रीकाकूंच्या वर्गाची मॅडम. तुम्ही देवनहळ्ळीच्या हॉस्पिटलात या. लगेच या."

तिच्या आवाजावरूनच त्याला कळलं. मुठीतली डाळ त्याने पोत्यात परत टाकली आणि शेजाऱ्याची गाडी मागितली.

रूपश्री त्याची बायको. घराजवळच्या कॉलेजने शनिवारी दुपारी एक वर्ग काढला होता, विज्ञान न शिकलेल्यांना दगडांची ओळख करून देणारा. कॉमर्सची पोरं यायची, बाहेरच्यांनाही घेत. मुलगी दिव्यश्री सासरी गेल्यावर रूपश्रीने त्यात नाव घातलं. त्या दिवशी सगळे देवनहळ्ळीजवळ घरांच्या लेआउटसाठी खणलेली जमीन बघायला गेले होते. तिने एक दगड उचलला, सावलीत टेकली, ती उठलीच नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. तिच्या मुठीतला दगड स्मृतीने चष्म्यासोबत गिरीधरच्या हातात दिला. त्याने तो सदऱ्याच्या खिशात टाकला.

स्मशानात भटजी म्हणाले, "जीवखड्याला दगड घ्या."

ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात, त्यातच दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव मानतात आणि मग तो पाण्यात सोडतात. पण विजेच्या त्या स्मशानात फरशी झाडून लख्ख केलेली. सगळे खाली बघत फिरू लागले.

"एवढं बेंगळूर दगडावर उभं आणि एक खडा मिळेना!" थोरला भाऊ गुंडूराव चिडून म्हणाला.

गिरीधरने खिशातला दगड काढून दिला.

दहाव्याला ते श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत राहिला.

"रूपा, दिव्यश्रीच्या बाळंतपणाला आम्ही आहोत," गुंडूरावने हात जोडले. कावळा हलला नाही. "गिरीला उपाशी ठेवणार नाही." नाहीच. "मग काय ग, दुकान नावावर हवंय का?"

कुणीतरी हसलं. गिरीधर पुढे झाला.

"तुझा वर्ग मी पुरा करतो."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

"आता खडा सोडा," भटजी म्हणाले. गिरीधरने मूठ मिटली. "वर्ग पुरा होऊ दे. मग सोडतो." भटजींच्या कपाळावर आठ्या आल्या. "असं करत नाहीत. पण शब्द दिलाय, तर पाळा. विसरू नका म्हणजे झालं."

परतताना गाडीत गुंडूराव म्हणाला, "कावळ्याला भूक लागली होती रे. तू आपली डाळ वीक. दहावीत दोनदा गटांगळी खाल्लेला माणूस तू."

तरी पुढच्या शनिवारी गिरीधर रूपश्रीच्या बाकावर जाऊन बसला. शेजारी ऋचा होती, बीकॉमची. पहिल्याच चाचणीत टेबलावर दगड मांडले होते, त्यांची नावं लिहायची. गिरीधरने सगळ्यांपुढे ग्रॅनाइट लिहिलं. बेंगळुरात ओट्यापासून जिन्यापर्यंत सगळं ग्रॅनाइट म्हणूनच विकतात, त्याला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. एकही बरोबर आलं नाही.

"काका, शेवटची तरी ओळखायची," ऋचा म्हणाली. "ती वीट होती!"

पुढचे काही शनिवार वर्गात त्याला सगळे 'वीटकाका' म्हणत होते. त्याने मनावर घेतलं नाही. घरी रूपश्रीने जमवलेल्या दगडांची पेटी होती, त्यातला एक कप्पा रिकामा. रोज सकाळी तो पेटीतले दगड ताटात काढून, भिंगाखाली धरून बघायचा. हळूहळू डोळा बसला. या गावाखालचा खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे असं स्मृती एकदा म्हणाली. ते ऐकून त्याला बरं वाटलं. का, ते सांगता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला एक दगड आणून वर्गापुढे त्याची हकीकत सांगायची होती. घरच्यांनाही बोलावलं होतं. गुंडूराव मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला. गिरीधरने घरून आणलेली रूपश्रीची पेटी टेबलावर ठेवली आणि शेजारी जीवखडा ठेवला.

स्मृतीने तो ओळखला. हळू आवाजात म्हणाली, "काका, हा बाहेरून उन्हापावसाने तपकिरी झालाय. ताजी बाजू फोडून दाखवल्याशिवाय मला पास करता येत नाही, सगळ्यांना तोच नियम आहे. दुसरा घ्या ना. मी देते."

"हाच. तिने हाच उचलला होता."

त्याने हातोडी उचलली तसा गुंडूराव ताडकन उभा राहिला. "गिरी! जीवखडा आहे तो! फोडतोस काय?"

गिरीधरचा हात थांबला. मग तो म्हणाला, "अण्णा, ती फोडायलाच घेऊन चालली होती."

गुंडूराव उभाच राहिला.

पहिला घाव निसटला. दुसऱ्याने नुसती भुकटी उडाली.

"स्वल्प, थोडं जोरात, काका," ऋचा म्हणाली.

तिसऱ्याला दगड दुभंगला. आतून पांढरे, राखाडी, काळे पट्टे निघाले आणि काळ्यातला अभ्रक चमकला. गिरीधरने एक तुकडा वर धरला. त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"हा नाइस नावाचा खडक. आधी वितळलेला होता, मग निवला, मग जमिनीच्या पोटात तापला, दाबला गेला. म्हणून हे पट्टे. पांढरा तो फेल्डस्पार, राखाडी क्वार्ट्झ."

"ग्रॅनाइट का नाही?" स्मृतीने विचारलं.

"ग्रॅनाइटला असे पट्टे नसतात. आणि मॅडम, वीटही नाही."

वर्ग खो खो हसला, बाकं वाजली. ऋचाने शिट्टी मारली. सगळ्यांत जोरात टाळ्या गुंडूराव वाजवत होता.

"पास, काका," स्मृती म्हणाली. रूपश्रीच्या पेटीतल्या रिकाम्या कप्प्यात तिने एक तुकडा बसवला. पुढच्या पोरांना शिकवायला पेटी कॉलेजच्या कपाटात राहणार होती, वर रूपश्रीचं नाव. जिन्यात गुंडूराव भेटेल त्याला सांगत होता, "आमचा धाकटा! फोडला की नाही?"

दुसरा तुकडा गिरीधरच्या सदऱ्याच्या खिशात आहे. तो कावेरीत सोडायचा अजून राहिला आहे.