एक नंबरची खुंटी

लेनहार्टचा कुणावरच विश्वास नव्हता. बंदुका बनवणाऱ्याने तो ठेवूही नये, असं त्याचं मत होतं. पण निशाणाजवळच्या खड्ड्यात बसून गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या कोर्बिनियानवर तर तो वीस वर्षं डूख धरून होता, कारण कोर्बिनियानचा मेहुणा शेजारच्या गावात बंदुका बनवायचा.

त्या वर्षी राजेसाहेबांनी स्पर्धेला चांदीचा पेला ठेवला होता आणि पहिला नेमही त्यांनीच धरला. बार उडाला. बऱ्याच वेळाने कोर्बिनियानने लाल डगल्यातून हात उंचावला, रंगवलेल्या लाकडी चकतीच्या ऐन मधल्या भोकात एक नंबरची खुंटी ठोकली आणि टोपी उडवून नाचला. ज्याच्या गोळीचं भोक, त्याच्या नंबरची खुंटी; शेवटी चकती उतरवून मोजायची, अशी रीत होती. तोफ वाजली, टाळ्या झाल्या. नाचायला एवढा वेळ का लागला याला, असं लेनहार्टच्या मनात आलंच.

त्याचा नंबर सतरावा. डोळे गेले म्हाताऱ्याचे, अशी कुजबुज दोन वर्षं गावभर चालू होती, आणि आंधळ्याची बंदूक कोण घेणार? आज नेम लागला नाही तर दुकानाला कुलूप, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने चाप ओढला. गोळी मधोमध गेली. हे डोळ्यांना नव्हे, खांद्याला कळतं.

कोर्बिनियान वर आला, चकतीला नाक लावून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं आणि मग लाकडी फळी डावीउजवीकडे हलवली. चुकला!

सगळं कुरण हसलं. "काका, चष्मा बिअरच्या मगात पडला का?" कुणीतरी ओरडलं.

लेनहार्टने बंदूक खाली ठेवली आणि तो तरातरा खड्ड्यापाशी गेला.

"मेहुण्याने काय चारलं रे तुला?"

"हळू बोल, तुझ्या पाया पडतो," कोर्बिनियान म्हणाला. त्याच्या डगल्याच्या खिशातून गिरमिटाची मूठ डोकावत होती.

लेनहार्टने चकतीकडे पाहिलं. मधल्या भोकात खुंटी नव्हतीच. त्याने आपल्या थैलीतली गोळी काढून त्यात घातली. नेमकी बसली. राजेसाहेबांची गोळी तर मटाराएवढी.

"हे भोक माझं आहे."

"तुझंच. त्यांची गोळी पार तिकडे झाडीत गेली. दरबारच्या माणसाने सकाळीच बजावलं होतं, महाराज चुकत नसतात म्हणून. मी गिरमिटाने भोक पाडलं, खुंटी ठोकली. आणि तुझ्या गोळीने नेमकी तीच उडवली, मेल्या! आता भोक एक आणि नेम दोन. काय दाखवू मी?"

"खरं दाखव."

"मग मला तुरुंग. पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय."

पोरीचं लग्न! हीसुद्धा थापच असेल, लेनहार्टला वाटलं. पण कोर्बिनियानचे हात थरथरत होते, आणि थरथर खोटी कशी असते ते दुकानात गिऱ्हाइकांकडे पाहून त्याला चांगलं माहीत होतं. ही खरी होती. त्याला भयंकर राग आला, कारण आता रागवायला कुणी उरलंच नव्हतं.

"आता तसली बारीक खुंटी यात राहायची नाही. गळून पडेल राजाच्या पुढ्यात. लाकूड दे इकडे."

त्याने चाकूने जाड खुंटी तासली, स्वतःच्या भोकात घट्ट बसवली आणि तिच्यावर कोरला एक.

तो परत आल्यावर राजेसाहेबांनी हसून विचारलं, "काय रे, सापडली का गोळी?"

"नाही, महाराज. चुकली. डोळे गेले आता."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि दुपारभर तेच त्याला पोखरत राहिलं. खरंच गेले असतील तर? ते भोक गिरमिटाचंच असेल तर? कोर्बिनियानने गंडवलं असेल तर?

दिवस मावळायच्या आधी कोर्बिनियान दुकानात आला. निशाणामागचा मातीचा बांध उकरून नखं काळी झाली होती. त्याने मेजावर एक चपटी गोळी ठेवली. शिशात लाकडाची ढलपी रुतली होती, आणि ढलपीवर अर्धवट आकडा होता, एक.

"तुझी आहे," एवढंच बोलून तो गेला.

लेनहार्टने ढलपी उचकटून काढली, तराजू घेतला, एका पारड्यात ती गोळी ठेवली, दुसऱ्यात आपल्या थैलीतली. काटा मधोमध राहिला. त्याने पारडी बदलून पुन्हा तोललं. मग डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा तोललं.