कुजबूजबाई गोष्ट वाचते

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूजबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं हे सांगायला आता कंपनीतलं फारसं कुणी उरलं नव्हतं, नाव तेवढं टिकलं होतं. ती प्रॉम्प्टर होती. पडद्याआड, विंगेत, उंच स्टुलावर संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात नेमका टाकायचा. असा टाकायचा, की नटाला तो मिळावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागू नये. सारी हयात तिनं हेच केलं. कितीतरी राजे, प्रेमिक, खुनी आणि विदूषक तिच्या ओठांवरून शब्द उचलून टाळ्या घेऊन गेले. तिचा स्वतःचा आवाज मात्र एकाही प्रेक्षकानं कधी ऐकला नाही, आणि याचाच तिला कोण अभिमान! प्रॉम्प्टर ऐकू आला म्हणजे त्याचं काम फसलं, असं ती म्हणायची.

मग नाट्यगृह बंद पडलं. तिथं गालिच्यांचं दुकान निघालं. एकदा ती आत डोकावून आली होती. जिथं तिचं स्टूल असायचं, तिथं गुंडाळलेले गालिचे उभे होते, एकमेकांना टेकून, एन्ट्रीची वाट बघत असल्यासारखे. ती परत कधी तिकडे फिरकली नाही.

घरी ती आत्या होती. तिचा भाचा बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने पाण्यावर. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस. पेशंटला खुर्चीत बसवायचं, हत्यारं उकळायची, भेदरलेल्यांचा हात धरायचा. त्यांचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, आत्याच्या दोन खोल्या वरच्या. त्यांची पाच वर्षांची मुलगी शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंत आत्याकडे असायची. पोरगी कधी खोलीत आली आणि कधी गेली ते कळायचं नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

मुंगीला बोलता उत्तम येत होतं. पण बोलण्याआधी ती थांबायची. शब्द कुठूनतरी लांबून चालत यायचे असावेत. विचारणाऱ्याला वाटावं, हिचं लक्षच नाही, आणि तो दुसरीकडे वळावा, तेवढ्यात ती बोलायची. तोवर ऐकायला कुणी नसायचं.

आता आत्याची अडचण बघा. जिनं जन्म विंगेत बसून काढला, तिच्या लेखी शांतता म्हणजे घात. शांतता झाली म्हणजे नट अडला. नट अडला की क्षणाचाही विलंब न लावता शब्द द्यायचा. ते आता तिच्या श्वासाचाच भाग झालं होतं.

"आत्याआजी, मला..." मुंगी म्हणायची.

"पाणी हवंय? भूक लागली? शू आली?"

मुंगी तोंड मिटून घ्यायची. आत्या पेला पुढे करायची. मुंगी गुपचूप पाणी प्यायची, तहान नसली तरी.

संध्याकाळी आत्या तिला गोष्ट वाचून दाखवायची. दिवसभर ती याच घटकेची वाट बघायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मांडीवर पुन्हा पुस्तक, ओठांवर पुन्हा शब्द! मुंगीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्यावरून ती वाचायची. वाचायची कसली, पुरवायची. हलका, सपाट, भरभर आवाज. त्यात राग नाही, लोभ नाही, आश्चर्य नाही. भाव घालायचा तो नटानं, आपण आगाऊपणा करायचा नाही, हा धंद्याचा पहिला धडा. पुस्तक मोठं सुंदर होतं. एका घराला पाय फुटतात. आतली माणसं झोपली की ते उठतं, गावाबाहेर चालू लागतं, आणि सकाळी माणसं खिडकी उघडतात तर समोर भलताच देश. कधी बर्फ, कधी उसाचं रान, कधी नुसत्या शिड्यांचं गाव. पण आत्याच्या तोंडून ते घर निघायचं आणि पोचायचं ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. तिसऱ्या पानाला मुंगी मांडीवरून घसरायची आणि टेबलाखाली जाऊन बसायची. आत्या तरी वाचतच राहायची, पान संपेपर्यंत. प्रयोग अर्ध्यात थांबवायचा नसतो.

एके दिवशी भाच्याची बायको मुलीला न्यायला आली आणि दारातच घुटमळली. आत्यानं ओळखलं, हिला काहीतरी सांगायचंय.

"बस ना गं. चहा टाकते."

"नको आत्या. एक विचारायचं होतं. आमच्या दवाखान्याजवळ पाळणाघर आहे. चांगलं आहे, खेळणी आहेत, बरोबरीची मुलं आहेत. त्यांच्याकडे एक जागा होतेय."

"बरं."

"तुमचं काही चुकतंय असं नाही हं! पण ही म्हणते, आत्याआजी वाचते ते ऐकूच येत नाही. आणि संध्याकाळभर टेबलाखाली बसते म्हणे. तुम्हालाही दगदग, तिलाही कंटाळा. मी शनिवारी त्यांना सांगणार आहे. तोवर बघते."

"दगदग कसली," आत्या म्हणाली. पण ते इतकं हळू, की ऐकू गेलं नसावं.

ऐकूच येत नाही! ज्या गोष्टीचा तिला जन्मभर अभिमान वाटला, तीच अशी अंगावर आली होती. आणि शनिवार चार पावलांवर होता. मुंगी पाळणाघरात गेली की या दोन खोल्यांत संध्याकाळ कशी असेल, ते तिला लख्ख दिसलं. गालिचे उभे केल्यासारखी असेल.

दुसऱ्या दिवशी राजे चहाला आले. हे कंपनीतले जुने नट. उभ्या आयुष्यात राजाखेरीज भूमिका केली नाही, म्हणून राजे. आता मुकुट जाऊन कानटोपी आली होती, पण चहाचा कप अजून तलवार धरावी तसा धरत.

"सोपं आहे, कुजबूजबाई," सगळं ऐकून ते म्हणाले. "तुम्ही वाचत नाही, तुम्ही हळूच खबर देता. अभिनय करा! आवाज बेंबीच्या देठापासून काढा. दार वाजलं तर टेबल बडवा. वारा सुटला तर वारा व्हा!"

"मी? या वयात?"

"मी या वयात अजून जिन्यावरून राजासारखा उतरतो."

"परवा पडलात ना जिन्यात?"

"राजासारखाच पडलो," राजे म्हणाले आणि दुसऱ्या कपाची वाट बघू लागले.

आत्याला ते पटलं नाही, पण बुडत्याला काय सुचणार? त्या संध्याकाळी तिनं कंबर कसली. नाटकांतले सगळे आवाज तिच्या कानात होतेच, ते तिनं भराभर बाहेर काढले. घराचं जोतं करकरलं तशी ती करकरली. वारा आला तशी घोंघावली. डोंगर ओलांडताना घराला धाप लागली, तेव्हा तिनं असा काही हुंकार दिला, की तळमजल्यावरच्या दुकानातल्या शिंप्यानं मशीन थांबवून वर हाक मारली, "आत्या, सगळं ठीक ना?"

मुंगीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.  ती रडली नाही, हे फार वाईट झालं. नुसती उठली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

"अगं, ती गंमत होती," आत्या म्हणाली.

मुंगी बाहेर बघत होती.

शनिवार उजाडला. संध्याकाळी मुंगी मांडीवर आलीच नाही. आल्या आल्या कट्ट्यावर चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. आत्यानंही मग आग्रह केला नाही. आजची शेवटचीच संध्याकाळ, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिनं आपली खुर्ची ओढली आणि समोर, थोडी बाजूला बसली. पुस्तक मांडीवर घेतलं. आवाज मोठा काढायची आता छाती नव्हती आणि कुजबुजायचीही सोय नव्हती. मग ती नुसती बोलल्यासारखी वाचू लागली, स्वतःशी बोलावं तशी.

बाहेर उजेड उतरत होता. समोरच्या इमारतीच्या काचा एकेक करून पिवळ्या होत होत्या. खालून शिवणयंत्राचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दिवा लावायला हवा होता, पण उठावंसं वाटेना. घर आता वाळूवर आलं होतं. त्याचे पाय आत रुतत होते आणि तरी ते चालत होतं, कारण पुढून कसलातरी गार वास येत होता. आत्या अक्षरांपेक्षा आठवणीनं वाचत होती, त्यामुळे तिची नजर मोकळी झाली. ती आपसूक समोर गेली, विंगेतून रंगमंचावर जायची तशी. आणि तिच्या ध्यानात आलं, की इतके महिने आपण या मुलीच्या डोक्यामागून वाचतोय. नटाची पाठ बघून कुणी प्रॉम्प्ट करतं का?

तिनं पान उलटलं. त्या पानावर शब्दच नव्हते. नुसतं चित्र होतं. सगळीकडे निळं पाणी, आणि घर गुडघाभर पाण्यात उभं.

एरवी असं पान ती झटकन उलटायची. पुरवायला काही नाही, तर थांबायचं कशाला? आजही तिचं बोट कागदाच्या कडेला गेलं. खोलीत शांतता पसरली. तीच ती. नट अडल्यावरची. शब्द द्यायला हवा, कुठलाही. समुद्र बघ, घर बघ, किती छान ना. ओठांपर्यंत आलंच होतं.

पण मुंगीचा चेहरा समोर होता आणि तो तिला वाचता आला. विसरलेला नट लगेच कळतो. त्याची नजर विंगेकडे पळते, गळ्याची गाठ वरखाली होते, हाताला काय करावं ते सुचत नाही. आणि जो विसरलेला नसतो, नुसता थांबलेला असतो, त्याची नजर कुठंच पळत नाही. त्याला पुढचं वाक्य माहीत असतं. तो ते जवळ येताना बघत असतो. अशा वेळी ओठ घट्ट मिटून ठेवायचे, नाहीतर प्रयोगाचा विचका.

मुंगीची नजर पळत नव्हती. ती त्या निळ्या पानाकडे बघत होती, आणि आता कट्ट्यावरून खाली सोडलेले तिचे पाय हलके हलके हलत होते, पाण्यात सोडल्यासारखे.

आत्यानं बोट काढून घेतलं. मशीन थांबलं, चालू झालं, पुन्हा थांबलं.

"त्याला गार लागतंय," मुंगी म्हणाली.

आत्यानं पान तसंच उघडं धरलं.

"पण ते बाहेर नाही येणार." पुन्हा बराच वेळ. काळोख कोपऱ्यातून कपाटापर्यंत आला. "कारण आत बाबा झोपलाय. पाणी बघितल्यावर त्याला वाटेल, आपण बोटीवरच आहोत. मग तो घाबरणार नाही. मग ते हळूच चालायला लागेल. इकडे."

आत्याच्या डोळ्यांपुढे ते घर खरंच चालू लागलं. समुद्रातून, ओल्या पायांनी, एकेक पाऊल जपून टाकत, आतल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. खोलीच्या भिंती जराशा हलल्यासारख्या वाटल्या. हेही घर उठलंय आणि त्याला सामोरं निघालंय, असं म्हणायला तिची हरकत नव्हती.

"पुढे वाच," मुंगी म्हणाली.

आत्यानं वाचलं. दोन ओळी वाचायची, मान वर करायची, मुंगीकडे बघायची. ती थांबलेली असली तर आपणही थांबायचं. कधी मुंगी काही बोलायची, कधी नुसती मान हलवायची आणि गोष्ट पुढे जायची. इतकं हळू वाचन आत्यानं जन्मात केलं नव्हतं. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण मुंगी केव्हातरी कट्ट्यावरून उतरली आणि तिच्या गुडघ्याला टेकून बसली.

दार वाजलं. भाच्याची बायको आत आली. अंगाला अजून दवाखान्याचा वास, खांद्याला पिशवी.

"हे काय, अंधारात बसलात?" तिनं दिवा लावला. दोघीही डोळे चोळत तिच्याकडे बघत राहिल्या, झोपेतून उठवल्यासारख्या. "मुंगे, चल. आणि ऐक, मी त्या पाळणाघरातल्या काकूंशी बोलून आलेय. त्यांना आज रात्री कळवायचंय. सोमवारपासून जायचं ना तिकडे?"

मुंगी थांबली.

 आत्याच्या जिभेवर सगळी वाक्यं तयार होती, सुबक, नेमकी. 'नाही म्हण.' 'मी इथंच थांबते म्हण.' एवढ्या हलक्या आवाजात तिला ती देता आली असती, की फूटभरावर उभ्या असलेल्या आईला कळलंही नसतं. आयुष्यभर तेवढंच तर केलं होतं. पोरगी लगेच म्हणाली असती आणि सगळं तिथंच मिटलं असतं.

तिनं दात ओठांवर रोवले.

"बरं, म्हणजे चालेल तर..." आई म्हणू लागली. आत्यानं पटकन तिचं मनगट धरलं.

"ती विसरलेली नाही," आत्या म्हणाली. "थांबलीय."

आईनं आधी आत्याकडे बघितलं, मग मुलीकडे. काय वाटलं कोण जाणे, पण खांद्यावरची पिशवी न काढताच ती खाली जमिनीवर बसली, मुलीच्या चेहऱ्यासमोर. अशी ती फार दिवसांत बसली नव्हती. खाली शिंपी दुकानाचं दार ओढून घेत होता.

"तिकडे खेळणी आहेत?" मुंगीनं विचारलं.

"आहेत की. खूप."

आत्यानं मनगट सोडलं नाही.

"मी ती बघायला येईन," मुंगी म्हणाली. आणि मग, शब्द अगदी जवळ येईपर्यंत वाट बघून, "बघून परत इकडे येईन. आम्ही वाचत असतो ना आई, तेव्हा आत्याआजी थांबते. मग मला ऐकू येतं."

आई काहीतरी म्हणणार होती, पण तीही थांबली.