आदर्श उत्तर

मी शाळेत संगीत शिकवते, म्हणजे बहुतेक वेळ डोकं फोडून घेते. फक्त बुधवारचा ऐकण्याचा तास माझा जीव की प्राण. तिसरीची अठ्ठावीस मुलं डोळे मिटतात, मी व्हायोलिनची एखादी धून लावते आणि काय दिसलं ते मुलं वहीत लिहितात. एकीला आजोबा पलंगाखाली चष्मा शोधताना दिसले, तर एकाला दात हलणारा सिंह.

मोठ्या बाईंना हे खुपतं. त्यांनी वह्या मागवून घेतल्या आणि विचारलं, यातलं बरोबर कुठलं? सगळंच बरोबर, असं मी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग दहापैकी गुण द्यायचे तरी कशावरून? शुक्रवारच्या तपासणीत आदर्श उत्तर आणि त्याप्रमाणे गुण दिसले नाहीत, तर हा तास गणिताला जाईल, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

दोन दिवस मी घरी भांडी आपटली. शेवटी नवरा कंटाळून म्हणाला, "अगं, एकदाच कर त्यांच्या मनासारखं. तास तरी वाचेल." मला ते पटलं, याची आजही लाज वाटते.

गुरुवारी मी वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं: नदी, काठावर झाडं, वर पक्षी. उद्या धून ऐकून सगळ्यांनी हेच लिहायचं, असंही बजावलं. सिंहवाल्याने हात वर केला. त्याचा सिंह तिथे पाणी प्यायला आला तर चालेल का, असं त्याला विचारायचं होतं. मी आधीच वैतागलेली होते. म्हटलं, "नाही. फक्त नदी."

शुक्रवारी अठ्ठावीस वह्यांतून एकच नदी वाहिली. तपासणीस खूश झाले, मोठ्या बाई त्याहून खूश. त्यांनी माझी पाठही थोपटली. तास वाचला.

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम नवी धून नेली, मुलांनी कधीच न ऐकलेली. मुलांना सांगितलं, आता तपासणी नाही, गुण नाहीत, मनाला येईल ते लिहा. मग धून वाजवायच्या यंत्राची वायर लावायला पाठ वळवली. वायर नेहमीसारखी नखरे करत होती. ती एकदाची बसवून मी वळले, तर सगळ्यांच्या पेन्सिली खाली ठेवलेल्या.

"झालं, बाई," सिंहवाला म्हणाला. "नदीच लिहिलीय."

मी अजून बटणही दाबलं नव्हतं.